गाडी रस्त्यात बंद पडली तर: स्वस्त आणि भरवशाचं ब्रेकडाऊन कव्हर कसं निवडावं

गाडीचा नेहमीचा विमा अपघातात झालेलं नुकसान भरून देतो. बॅटरी बसली, क्लच गेला, रेडिएटरचा पाइप फुटला, तर त्याचा काही उपयोग होत नाही. त्यासाठी वेगळं ब्रेकडाऊन कव्हर असतं. बरेच जण त्याला रोडसाइड असिस्टन्स म्हणतात. वर्षाला ठरावीक रक्कम भरायची आणि गाडी अडली की हेल्पलाइनला फोन करायचा. मग मेकॅनिक येऊन जागेवर दुरुस्त करतो, नाहीतर गाडी उचलून गॅरेजला नेतात.

पहिल्यांदा कव्हर घेणारे सेवांची यादी वाचून निवड करतात, आणि घोळ तिथेच होतो. बॅटरी जम्पस्टार्ट (उतरलेल्या बॅटरीला बाहेरून वीज जोडून गाडी सुरू करणं), पंक्चर, इंधन आणून देणं, चावी आत राहिली तर दार उघडून देणं, टोइंग (गाडी ओढून किंवा उचलून नेणं) ही यादी स्वस्त योजनेत असते तशीच महागड्या योजनेतही असते. फरक पडतो तो तीन गोष्टींत: गाडी किती लांबपर्यंत फुकट नेऊन देतात, कोणत्या परिस्थितीत यायला नकार देतात आणि प्रत्यक्ष येतो कोण. या तीन प्रश्नांची उत्तरं लेखी मिळाल्याशिवाय पैसे भरू नका.

१. कव्हर आधीच आहे का, ते तपासा

नवं घेण्याआधी चार ठिकाणी बघा:

- गाडी नवी असेल तर वॉरंटीची पुस्तिका. बऱ्याच उत्पादकांकडून पहिली काही वर्षं ही सेवा मिळते. अनेकदा ती अधिकृत सर्व्हिस सेंटरला सर्व्हिसिंग केलं की वर्षभरासाठी वाढते.
- सध्याची विमा पॉलिसी. अ‍ॅड-ऑनच्या यादीत, म्हणजे जादा पैसे देऊन जोडलेल्या सेवांत, कव्हर आधीच असू शकतं.
- बँकेचं खातं किंवा क्रेडिट कार्ड. काही वरच्या श्रेणीच्या कार्डांवर ही सोय असते.
- गाडी कंपनीची किंवा भाड्याची असेल तर करारपत्र.

सापडलं म्हणजे काम झालं असं मात्र नाही. कार्डावरच्या कव्हरमध्ये पुष्कळदा फक्त फोन लावून देण्याची सोय असते आणि टोइंगचं बिल आपल्यालाच भरावं लागतं. 'सेवा उपलब्ध करून देऊ' आणि 'सेवेचा खर्च आम्ही करू' ही दोन वेगळी वाक्यं आहेत. पॉलिसीत नेमकं कोणतं लिहिलंय ते बघा.

दोन कव्हरं एकावर एक असली तरी फायदा दुप्पट होत नाही. एका बिघाडाचे पैसे एकदाच मिळतात.

२. तुमची गाडी कुठे आणि कशाने अडेल याचा अंदाज घ्या

रोज शहरात दहा-पंधरा किलोमीटर फिरणाऱ्या गाडीचा सगळ्यात संभवनीय बिघाड म्हणजे १२ व्होल्टची बॅटरी उतरणं. छोट्या फेऱ्यांत ती पुरती चार्ज होत नाही आणि साधारण तीन ते पाच वर्षांत थकते. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर बॅटरीला मल्टिमीटर (व्होल्ट मोजायचं यंत्र) लावून बघा. १२.६ व्होल्टच्या आसपास आकडा आला तर बॅटरी भरलेली आहे. १२.२ च्या खाली आला तर ती निम्म्याहून जास्त उतरलेली आहे. अशी गाडी बहुतेक वेळा घरासमोरच बंद पडते. म्हणून तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं कलम घरच्या पत्त्यावर येण्याचं. साध्या योजनांत ते नसतं. घरापासून ठरावीक अंतराच्या आत गाडी बंद पडली तर 'कव्हरबाहेर' असं सरळ लिहिलेलं असतं.

महिन्यातून दोनदा शे-दोनशे किलोमीटरचा प्रवास करणाऱ्याची गरज वेगळी. तिथे टायर फुटणं, इंजिन तापणं, क्लच किंवा गिअरबॉक्स जाणं असे बिघाड होतात, जे जागेवर नीट होत नाहीत. त्याने टोइंगच्या किलोमीटरवर पैसे घालावेत, घरच्या पत्त्यावर नाही.

तिसरी बाब स्टेपनीची. अनेक नव्या गाड्यांत स्टेपनी नसतेच. तिच्या जागी सीलंटची बाटली आणि छोटा कॉम्प्रेसर देतात. सीलंटने तळव्यातलं लहान छिद्र बुजतं, टायरची बाजू फाटली असेल तर काही होत नाही, आणि बाटलीला मुदतही असते. अशा गाडीसाठी टायर फाटणं म्हणजे थेट टोइंग. कव्हर निवडताना हे धरून चला.

३. प्रकार ओळखा

नावं प्रत्येक कंपनीची वेगळी असतात, पण पायऱ्या साधारण अशा: फक्त जागेवर दुरुस्ती आणि जवळच्या गॅरेजपर्यंत टोइंग, त्यात घरच्या पत्त्याची सेवा, त्याच्या वर लांबचं टोइंग, आणि सगळ्यात वर पुढच्या प्रवासाची सोय, म्हणजे बदली गाडी, मुक्काम किंवा तिकिटाचा खर्च. दुसऱ्या देशात गाडी नेणार असाल तर त्याचं कव्हर वेगळं घ्यावं लागतं.

कव्हर गाडीला असतं किंवा माणसाला. गाडीला असेल तर ती कोणीही चालवत असलं तरी चालतं. माणसाला असेल तर तुम्ही ज्या गाडीत बसला आहात तिला लागू होतं, मग ती मित्राची का असेना. घरात एक गाडी आणि चालवणारे तिघं असतील तर गाडीचं कव्हर स्वस्त पडतं. दोन-तीन गाड्या आणि चालवणारं एकच माणूस असेल तर माणसाचं.

आणखी एक विभागणी जाहिरातीत दिसत नाही. काही योजनांत कंपनी थेट मदत पाठवते आणि तुम्हाला काही द्यावं लागत नाही. काही योजनांत तुम्ही टोइंगवाला शोधायचा, पैसे द्यायचे आणि पावती पाठवून नंतर मिळवायचे. दुसरा प्रकार बराच स्वस्त असतो. हाताशी तेवढे पैसे असतील आणि पावत्या सांभाळायची सवय असेल तर तो वाईट नाही. रात्री अनोळखी रस्त्यावर टोइंगवाला शोधणं मात्र नवख्याला जड जातं, त्यामुळे पहिलं कव्हर थेट सेवेचंच घ्या.

४. टोइंगचं कलम शब्दन् शब्द वाचा

योजनेच्या किमतीतला मोठा वाटा याच कलमाचा असतो. पाच गोष्टी बघायच्या.

गाडी कुठे नेणार? 'जवळच्या योग्य गॅरेजपर्यंत' आणि 'तुम्ही सांगाल त्या ठिकाणी' यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्या प्रकारात गॅरेज कंपनी ठरवते. रविवारी संध्याकाळी ते बंद असेल तर गाडी त्याच्या दारात सोडून तुम्ही बाहेर.

किलोमीटर कुठून मोजणार? '५० किलोमीटर मोफत' असं लिहिलेलं असतं. काही ठिकाणी ते गाडी बंद पडली तिथून गॅरेजपर्यंत मोजतात. काही ठिकाणी टोइंगची गाडी तिच्या ठिकाणाहून निघाल्यापासून परत पोचेपर्यंत मोजतात. समजा, टोइंगवाला २० किलोमीटरवरून आला, गॅरेज तिथून आणखी २५ किलोमीटर पुढे आहे आणि त्याच्या परतीचं अंतर ४५ किलोमीटर. पहिल्या हिशेबात तुमचे २५ किलोमीटर झाले, दुसऱ्यात ९०. म्हणजे ४० किलोमीटरचे पैसे तुमच्या खिशातून. हा एक प्रश्न ईमेलने विचारा आणि उत्तर जपून ठेवा.

मर्यादेच्या पुढे दर किती? प्रतिकिलोमीटर दर आधी लेखी मिळत असेल तर ठीक. 'प्रचलित दराने' असं लिहिलं असेल तर तो आकडा रस्त्यातच कळतो, आणि तिथे घासाघीस करायची सोय नसते.

टोइंगची गाडी कोणती? पुढची चाकं उचलून ओढणारा क्रेनवाला आणि अख्खी गाडी पाठीवर घेणारा फ्लॅटबेड हे दोन मुख्य प्रकार. मॅन्युअल गिअरच्या, पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीला पहिला चालतो. चारही चाकांना ताकद जाणाऱ्या गाडीला फ्लॅटबेडच हवा, नाहीतर चाकांना ताकद वाटून देणाऱ्या भागांना, म्हणजे ट्रान्सफर केस किंवा डिफरन्शिअलला इजा होते. ऑटोमॅटिक गाडीची चालवणारी चाकं जमिनीवर ठेवून ओढली तर इंजिन बंद असल्याने गिअरबॉक्समधला तेलाचा पंप फिरत नाही आणि आतले भाग कोरडे घासतात. इलेक्ट्रिक गाडीची चाकं फिरली की मोटरही फिरते आणि वीज तयार करते, त्यातून मोटरची वीज सांभाळणाऱ्या इन्व्हर्टरपर्यंत नुकसान जाऊ शकतं. तुमची गाडी यांपैकी असेल तर 'फ्लॅटबेड' हा शब्द पॉलिसीत लिहिलेला असायला हवा. फोनवर दिलेला शब्द पुरत नाही.

गाडी अवघड जागी असेल तर? तळघरातल्या पार्किंगमध्ये छत इतकं खाली असतं की फ्लॅटबेड आत जातच नाही. गाडी चाकांच्या छोट्या ट्रॉल्यांवर चढवून ढकलत बाहेर आणावी लागते. त्यातून ऑटोमॅटिक गाडीची बॅटरी पूर्ण उतरली असेल तर गिअर पी (पार्क) मधून हलत नाही आणि इलेक्ट्रिक हँडब्रेक सुटत नाही, म्हणून काम आणखी वाढतं. खड्ड्यात किंवा चिखलात गेलेली गाडी विंच (दोर गुंडाळून ओढणारं यंत्र) लावून ओढून काढणं हेही बहुतेक ठिकाणी टोइंगमध्ये धरत नाहीत. त्याचे पैसे वेगळे लागतात.

५. कव्हर कुठे लागू होत नाही, ते आधी वाचा

पॉलिसीचं पुस्तक शेवटून वाचायला घ्या. अपवाद तिथेच असतात.

- प्रतीक्षाकाळ. अनेक योजनांत पैसे भरल्यापासून २४ तास किंवा त्याहून जास्त वेळ कव्हर सुरू होत नाही. गाडी बंद पडल्यावर घेतलेलं कव्हर त्या बिघाडाला लागू होत नाही. काही कंपन्या जादा रक्कम घेऊन येतात, पण ती रक्कम भरपूर असते.
- वर्षातल्या फोनची मर्यादा. ती संपली की प्रत्येक वेळेस पूर्ण पैसे.
- तोच बिघाड पुन्हा. बॅटरी जम्पस्टार्ट करून दिली, तुम्ही नवी टाकली नाही आणि आठवड्याने परत फोन केला तर नकार मिळू शकतो. बॅटरी बदलल्याची पावती जपून ठेवा.
- गाडीचं वय, वजन, लांबी. जुन्या गाड्यांना काही योजनांत प्रवेशच नसतो. वजनाची हद्द अनेक ठिकाणी साडेतीन टन असते. मागे ट्रेलर जोडत असाल तर त्याचा उल्लेख वेगळा हवा.
- व्यावसायिक वापर. टॅक्सी किंवा घरपोच डिलिव्हरीसाठी गाडी वापरत असाल आणि कव्हर खासगी वापराचं असेल तर ऐन वेळी नकार येतो. हे लपवू नका. त्या वर्गाची योजना महाग असली तरी तीच घ्या.
- देखभाल न केलेली गाडी. सर्व्हिसिंगच्या नोंदी नसतील किंवा टायर गुळगुळीत झाले असतील तर कंपनी त्यावर बोट ठेवू शकते.
- चुकीचं इंधन. डिझेलच्या गाडीत पेट्रोल पडलं की डिझेलमुळे हाय-प्रेशर पंपाला मिळणारं वंगण जातं. टाकी रिकामी करून घेणं हे अनेक योजनांत नसतं किंवा अ‍ॅड-ऑनमध्ये असतं. काहीही झालं तरी तेव्हा गाडी चालू करू नका, इग्निशनही नको.
- चार्ज संपलेली इलेक्ट्रिक गाडी. काही कंपन्या याला बिघाड मानतात, काही मानत नाहीत. मानत असतील तरी जवळच्या चार्जरपर्यंतच नेतात. इलेक्ट्रिक गाडीतही बहुधा १२ व्होल्टची छोटी बॅटरी असते आणि ती उतरली की मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी चालू होत नाही. हा बिघाड कव्हरमध्ये आहे का, ते वेगळं विचारा.

सुटे भाग, इंधनाची किंमत आणि गॅरेजची मजुरी सहसा कव्हरमध्ये नसते. ती फसवणूक नाही, कव्हर असंच असतं. तुम्ही पैसे देता ते मदत येण्याचे आणि गाडी हलवण्याचे.

६. प्रत्यक्ष कोण येणार, याची चौकशी करा

कव्हर विकणारी कंपनी आणि मदतीला येणारा माणूस बहुधा वेगवेगळे असतात. काहींची स्वतःची गस्ती वाहनं आणि पगारी मेकॅनिक असतात. बाकीच्या स्थानिक गॅरेजांशी करार करतात. विमा कंपनीचं अ‍ॅड-ऑन तर बहुतेक वेळा तिसऱ्याच कंपनीला दिलेलं असतं. करारावर चालणारी व्यवस्था वाईट असते असं नाही. तुमच्या भागात तीन-चार चांगली गॅरेज जोडलेली असतील तर ती वेळेवर येते. पण एखाद्या पट्ट्यात एकच गॅरेज असेल आणि त्याची गाडी दुसरीकडे गेलेली असेल तर तुम्ही ताटकळत बसता.

विचारायचे प्रश्न: माझ्या नेहमीच्या रस्त्यावर रात्री किती वेळात माणूस पोचतो? ठरलेल्या वेळेत नाही आला तर मी दुसरा टोइंगवाला बोलावून पैसे परत मागू शकतो का? त्यासाठी आधी मंजुरी क्रमांक लागतो का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा 'हो' असतं. मंजुरीशिवाय बोलावलेल्या टोइंगची पावती अनेकदा नाकारली जाते.

पैसे भरायच्या आधी रात्री उशिरा एकदा हेल्पलाइनला फोन करून बघा. नुसता एक प्रश्न विचारा. फोन उचलायला किती वेळ लागतो, समोरच्याला आपली योजना माहीत आहे का, हे पाच मिनिटांत कळतं. ग्राहकांचे अभिप्राय वाचताना पाच तारे आणि एक तारा दोन्ही बाजूला ठेवा. दोन-तीन ताऱ्यांचे वाचा, आणि तुमच्या भागातले वाचा.

७. किमतीचा हिशेब करा

तुमच्या नेहमीच्या लांब प्रवासात गाडी अर्ध्या वाटेवर बंद पडली, तर कव्हरशिवाय टोइंगला किती लागतील ते दोन स्थानिक टोइंगवाल्यांना विचारा. वार्षिक हप्ता त्याच्या एक पंचमांश असेल तर पाच वर्षांत एकदा गाडी उचलायची वेळ आली तरी पैसे वसूल. निम्मा असेल तर दर दोन वर्षांनी वेळ यायला हवी. गाडी तीन वर्षांची, नीट सर्व्हिस केलेली आणि शहराबाहेर न जाणारी असेल तर महाग योजना घेऊ नका. दहा वर्षांच्या गाडीला मात्र लांबच्या टोइंगचं कव्हर हवंच.

खर्च खाली आणायचे काही सरळ मार्ग आहेत. वर्षाचे पैसे एकदम भरा, मासिक हप्त्यात एकूण रक्कम अनेकदा वाढते. विम्याबरोबर अ‍ॅड-ऑन म्हणून घेतलं तर बहुधा स्वस्त पडतं, फक्त ते वापरल्याने नो-क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) कमी होतो का ते विचारून घ्या. बदली गाडी आणि मुक्कामाचं कलम सहसा वापरात येत नाही. कुटुंबासह लांब जात नसाल तर ते गाळा. आणि आपोआप नूतनीकरण बंद ठेवा. पहिल्या वर्षीचा दर नव्या ग्राहकाला ओढण्यासाठी कमी ठेवलेला असू शकतो आणि दुसऱ्या वर्षी खात्यातून जास्त रक्कम गुपचूप जाते. मुदत संपायच्या महिनाभर आधी दुसऱ्या दोन कंपन्यांचे दर घ्या आणि तुमच्या कंपनीला फोन करून ते सांगा. बऱ्याचदा दर तिथल्या तिथे कमी होतो.

८. नोंदणी करताना लागणारी कागदपत्रं

गाडीचं नोंदणीपत्र, चालू विमा पॉलिसी, वाहन चालवण्याचा परवाना, चासी क्रमांक आणि शेवटच्या सर्व्हिसिंगची पावती. मॉडेल आणि गिअरचा प्रकार बरोबर भरा. 'ऑटोमॅटिक' किंवा 'फोर-व्हील ड्राइव्ह' (चारही चाकांना ताकद) लिहायचं राहिलं तर चुकीची टोइंग गाडी येते. पॉलिसी हातात आली की नोंदणी क्रमांकातलं अक्षरन् अक्षर ताडून बघा. एक आकडा चुकला तरी हेल्पलाइनच्या संगणकावर तुमची गाडी सापडत नाही.

९. गाडीत ठेवायच्या वस्तू

- हेल्पलाइनचा आणि सदस्यत्वाचा क्रमांक कागदावर लिहून. मोबाइल बंद पडला तर अ‍ॅप कामाचं नाही.
- लॉकिंग व्हील नटची चावी. चाक चोरीला जाऊ नये म्हणून अनेक गाड्यांत प्रत्येक चाकाला एक वेगळ्या आकाराचा नट असतो. तो खोलणारं छोटं सॉकेट टायर बदलताना गॅरेजमध्येच राहून जातं. ते नसेल तर आलेल्या मेकॅनिकलाही चाक काढता येत नाही. आत्ताच जाऊन बघा.
- टोइंग हुक. बंपरवरचं चौकोनी झाकण काढून तो आट्यांवर फिरवून बसवतात. तो डिकीत जॅकच्या बाजूला असतो.
- स्टेपनीची हवा दर दोन महिन्यांनी तपासा. अरुंद, तात्पुरत्या स्टेपनीत नेहमीच्या टायरपेक्षा बरीच जास्त हवा लागते, बहुधा ६० पीएसआय, आणि तिच्यावर वेगाची मर्यादा छापलेली असते, बहुतेक वेळा ताशी ८० किलोमीटर.
- चमकणारं जाकीट, इशारा देणारा त्रिकोण, टॉर्च, पॉवर बँक, पाणी.

१०. गाडी बंद पडल्यावर

हॅझर्ड लाइट (चारही इंडिकेटर एकदम) लावा, गाडी जमेल तितकी कडेला घ्या आणि रहदारी नसलेल्या बाजूच्या दाराने सगळ्यांनी उतरा. वेगवान महामार्गावर गाडीत बसून राहू नका, कठड्यापलीकडे उभं राहा. फोन त्यानंतर.

फोनवर या क्रमाने सांगा: सदस्यत्व क्रमांक, गाडीचा क्रमांक, रस्त्याचं नाव, प्रवासाची दिशा, जवळचा किलोमीटरचा दगड, आणि मग बिघाड. दिशा सांगायला लोक विसरतात. दुभाजक असलेल्या रस्त्यावर टोइंगवाला पलीकडच्या बाजूने आला तर पुढच्या वळणावरून फिरून यायला त्याला अर्धा तास जातो. बिघाडाचं निदान करू नका, लक्षणं सांगा. 'स्टार्टर गेला' म्हणण्यापेक्षा 'चावी फिरवली की टकटक आवाज येतो, दिवे मंद होतात' यावरून मेकॅनिक बॅटरी घेऊन येतो. तक्रार क्रमांक लिहून घ्या.

काही देशांत द्रुतगती मार्गावरून गाडी उचलायची परवानगी ठरावीक यंत्रणेलाच असते. तिथे ते लोक गाडी पहिल्यांदा मार्गाबाहेर काढतात आणि त्याचे पैसे तिथेच घेतात. पावती घ्या, कव्हरमध्ये ते परत मिळतात का ते विचारा.

गाडी चढवण्याआधी चारही बाजूंचे, चाकांचे आणि ओडोमीटरचे फोटो काढा. टोइंगवाल्याच्या कागदावर आधीचे ओरखडे लिहून घ्या. पट्टे चाकांवरून बांधायला सांगा, सस्पेन्शनच्या दांड्याला आकडा अडकवू देऊ नका. जादा पैसे मागितले तर द्यायच्या आधी त्याच्यासमोरच हेल्पलाइनला फोन लावा, कलम वाचून दाखवा. तरीही द्यावेच लागले तर पावतीवर किलोमीटर, वेळ आणि कारण लिहून घ्या. परताव्याच्या अर्जाची मुदत काही योजनांत फार थोडी असते, म्हणून तो घरी पोचल्यावर त्याच आठवड्यात पाठवा.